सांध्यावरची निळी पट्टी

किल्ली फिरवल्यावर इंजिन गुरगुरलं नाही. बसच्या पोटातून नुसतं ‘कट्’ असं झालं आणि धम्मदीपने मांडीवरचं पुस्तक मिटलं. ऑफिसच्या त्या बसमधल्या बाकीच्यांना तो आवाज ऐकूही गेला नसावा. कुणाच्या कानात गाणी होती, कुणी मान टाकून झोपलं होतं. पण ज्याचं लहानपण बॅटऱ्यांच्या शेजारी बसून अभ्यास करण्यात गेलं, त्याला हा आवाज मुद्दाम ओळखावा लागत नाही. स्टार्टर प्रवाह मागतो आणि तो प्रवाह वाटेत कुठे तरी अडतो. मार्केट यार्डाच्या चौकाअलीकडे, रोज उशिरा येणाऱ्या दोघांसाठी बस थांबली होती. थांबल्यावर इंजिन बंद करायचं, असा बसमालकाचा दंडक होता. वैजनाथ ड्रायव्हरने पुन्हा किल्ली फिरवली. कट्. तिसऱ्यांदा त्याने ती फिरवून तशीच धरून ठेवली, आणि मग वास आला. आधी तापलेल्या रबराचा, आणि त्याच्या मागून, अगदी बारीक, डाग देताना लावतात त्या राळेचा. चांगल्या केबलच्या टोकाला राळेचा वास यायचं काही कारण नसतं. तेव्हाच धम्मदीपला कळायला हवं होतं. कळलंही असेल; कारण बाकीचे पुरुष खाली उतरायला लागले तेव्हा तो सर्वांत शेवटी उठला.

खाली कांद्याच्या पोत्यांचा आणि ओल्या पाल्याचा वास होता. वैजनाथने बसच्या कुशीतलं पत्र्याचं झाकण उघडलं. अंगठ्याएवढ्या जाडीची केबल फडक्यात धरून त्याने नुसती हलवली, तर ती टोकाच्या लगमधून गवताची काडी पेरातून निसटावी तशी बाहेर आली. लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेली तांब्याची कानवाली नळी, बॅटरीच्या खुंटीवर तशीच राहिली आणि केबलच्या तारा मोकळ्या झाल्या. त्या तारांच्या झुबक्यावरून एक चकचकीत थेंब ओघळला, डांबरावर पडला आणि बघता बघता निस्तेज होऊन थिजला. टोकापासून चार बोटांवर लाल आवरण जळून सुरकुतलं होतं आणि त्याच्या खालून टेप डोकावत होती. निळी. तीन वेढे.

“निळ्या पट्टीवाला,” वैजनाथ म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. “बिबवेवाडीचा म्हातारा हाय. हात लई चांगला व्हता त्याचा. आता गेला. वय झाल्यावं सोडावं मान्सानं.”

दिग्विजय, धम्मदीपच्या टीममधला, खिशात हात घालून वाकून बघत होता. उतरताना त्यानेच “चला, आज वर्क फ्रॉम मार्केट यार्ड” असं म्हणून सगळ्यांना हसवलं होतं. आता त्याने केबलकडे पाहिलं आणि आवाज जराही न चढवता म्हणाला, “निळी पट्टी? मग बरोबर आहे. कोट्यातलं काम दिसतंय.”

चार-पाचजण हसले. धम्मदीपही हसला. त्याला नंतर दिवसभर हेच तपासत बसावं लागलं, की आपण हसलो म्हणजे नेमकं काय केलं. आवाज असा झाला नव्हता. नाकातून थोडी हवा गेली होती, ओठाचा उजवा कोपरा वर गेला होता, एवढंच. पण कुणी मोजपट्टी लावली असती तर तेही हसण्यातच मोजलं गेलं असतं. दिग्विजयला काही ठाऊक नव्हतं. ऑफिसात तो ‘दीप’ होता. पहिल्या दिवशी ओळखपत्रासाठी नाव विचारलं तेव्हा त्याने सोपं पडावं म्हणून अर्धंच सांगितलं होतं, आणि वडील काय करतात या प्रश्नाला ‘ऑटोमोबाइलमध्ये आहेत’ हे तयार उत्तर होतं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. दुसरी बस आली, लोक चढायला लागले. धम्मदीपने बुटाची नाडी बांधण्याचं निमित्त करून तो थेंब उचलला. अजून कोमट होता. वैजनाथ तुटकी केबल आसनाखाली ठेवत होता. त्याने मान वर करून धम्मदीपकडे क्षणभर पाहिलं आणि परत खाली घातली.

ऑफिसात वातानुकूलन होतं, आणि त्या थंडीत त्याने तो थेंब कीबोर्डच्या कडेला ठेवला. तुरीच्या डाळीएवढा, एका बाजूने चपटा. वहीच्या मागच्या पानावर त्याने हिशोब मांडला, कारण हिशोब मांडला की त्याला बरं वाटायचं. एवढ्या मोठ्या इंजिनाचा स्टार्टर चारशे अँपिअर ओढतो. सांध्याचा रोध पाच मिलीओहम झाला असेल तर चारशेचा वर्ग गुणिले पाच भागिले हजार, म्हणजे आठशे वॉट. घरातल्या इस्त्रीएवढी उष्णता, बोटाच्या दोन पेरांत. सोल्डर, म्हणजे डाग द्यायचं कथील-शिसं, ज्याचा हा थेंब होता, एकशे त्र्याऐंशी अंशांना वितळायला लागतं. गणित बरोबर होतं. फक्त सांध्याचा रोध पाच मिलीओहम कसा झाला याचं उत्तर त्या पानावर नव्हतं, आणि ते लिहायची गरजही नव्हती, कारण ते त्याला दीड वर्षापासून माहीत होतं.

लहानपणी दुकानात लग बसवायची रीत वेगळी होती. पप्पा, म्हणजे सीताराम ओव्हाळ, लग उभा चिमट्यात धरायचे, खालून ब्लो लँपची निळी ज्योत द्यायचे, सोल्डरची कांडी टेकवत नळी काठोकाठ भरायचे आणि तारांचं टोक त्यात एका दमात बुडवायचे. मग श्वास रोखून उभे राहायचे. गार होईपर्यंत हात हलला तर सोल्डर करडं पडतं, आरशासारखं राहत नाही. धम्मदीप शेजारच्या लाकडी खोक्यावर बसून पाढे म्हणायचा, आणि तेवढ्या वेळात पप्पांनी त्याला गप्प केलं नाही असं कधी झालं नाही. हाताने ‘थांब’ अशी खूण. सगळं दुकान थांबायचं. मग गाड्या बदलल्या. नव्या कारखान्यांतून येणाऱ्या गाड्यांच्या केबलींना सोल्डर नसायचंच, लग नुसते दाबून बसवलेले असायचे, आणि गिऱ्हाइकं ‘कंपनीसारखं दाबून द्या’ म्हणायला लागली. पप्पांनी हाताचं हायड्रॉलिक दाबयंत्र घेतलं. नळीत कोरं तांबं घालायचं, जबड्यात धरायचं, दांडा मारत राहायचं. शेवटी ‘टक्’ असं सुटलं की षट्कोन उमटायचा. पप्पांना ते काम आवडलं नव्हतं. आगीशिवाय सांधा जुळतो यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. पण ते तसं करत होते, आणि ते सांधे आजही कुठल्या कुठल्या ट्रकांत शाबूत असतील.

तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. कात्रजच्या दूध डेअरीतले एक साहेब आपल्या गाडीची केबल करून घ्यायला आले होते, आणि पप्पांनी नेहमीप्रमाणे ‘आमचा धम्मा फिजिक्स करतो’ हे कुठल्या तरी वाक्यात बसवलं. साहेब सहज म्हणाले, मग काय हो फिजिक्सवाले, डाग देणं चांगलं की दाबणं? त्या क्षणी माहीत नाही म्हणता आलं असतं. त्याऐवजी तो म्हणाला की दोन्ही. आधी तारांना सोल्डर चढवायचं, मग दाबायचं. म्हणजे प्रवाहाला दोन वाटा मिळतात, आणि समांतर वाटांचा एकूण रोध कमी होतो. हे त्याला तिथल्या तिथे सुचलं होतं आणि सुचल्यावर इतकं सुंदर वाटलं होतं की ते खरं नसेल अशी शंकाही आली नाही. साहेबांनी मान डोलवली. ते गेल्यावर पप्पांनी दाबयंत्र खाली ठेवलं आणि विचारलं, “पुस्तकात आहे?”

हा प्रश्न त्यांच्या घरात साधा नव्हता. पप्पा सातवीपर्यंत शिकले होते. त्यांच्या वडिलांना शाळेच्या पायरीवर बसून ऐकावं लागलं होतं. घरातल्या भिंतीवरच्या तसबिरीतल्या माणसाच्या हातात पुस्तक होतं, आणि पप्पा कोणत्याही वादात ‘लिहिलंय का कुठं?’ एवढंच विचारायचे. लिहिलेलं असलं की वाद संपायचा. देवाचं, नवसाचं, शेजाऱ्यांचं, कुणाचंही म्हणणं त्यांनी छापील पुराव्याशिवाय मानलं नव्हतं. छापील पुराव्यापुढे मात्र ते शंका घेत नसत.

“आहे,” तो म्हणाला.

“दाखव.”

त्यांनी आधी हात धुतले. रॉकेलने, मग साबणाने, मग कोरड्या फडक्याला पुसून. धम्मदीपने सॅकमधून पुस्तक काढलं आणि समांतर रोधांचं सूत्र असलेलं पान उघडलं. इंग्रजी पान. त्यात लग नव्हता, केबल नव्हती, सोल्डर हा शब्द नव्हता. पप्पांनी सूत्राखालच्या ओळीवरून तर्जनी नेली, कागदाला अगदी टेकू न देता, आणि म्हणाले, “बरं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रॉइंग पेपर आणला आणि त्याच्याकडून कृती लिहून घेतली. तार सोलणे. राळ लावणे. सोल्डर चढवणे. लगमध्ये बसवून दाबणे. शेवटी निळ्या टेपचे तीन वेढे, ही पप्पांची जुनी खूण. आपलं काम कुठेही दिसलं तर ओळखता यावं, कुणी नाव ठेवलं तर आपल्यापर्यंत यावं, म्हणून. पेपर दुकानाच्या भिंतीवर गेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो दाखवायचे. मुलाचं अक्षर म्हणून दाखवत असतील असं धम्मदीपला तेव्हा वाटायचं.

आणि दीड वर्षापूर्वी, याच खुर्चीत, परदेशी ट्रक कंपनीची दुरुस्तीपुस्तकं संगणकावर चढवण्याच्या कामात, पानं नीट उघडतात का हे तो तपासत होता. दिवसाला दोनशे पानं, वाचायची नसायचीच. एका पानावर केबलचं चित्र होतं म्हणून डोळा थांबला. तिथे चौकटीत लिहिलं होतं की दाबून बसवायच्या तारांना आधी सोल्डर चढवू नये. सोल्डर मऊ असतं. दाबाखाली ते वर्षानुवर्षं, दिसणार नाही इतकं हळू सरकत राहतं, दाब सैल होतो, रोध वाढतो, सांधा तापतो. कोरं तांबं तसं सरकत नाही. चार ओळी. त्याने त्या दोनदा वाचल्या. मग त्याने तक्त्यात त्या पानापुढे ‘पास’ लिहिलं, कारण पान नीट उघडत होतं, आणि पुढचं पान उघडलं. रविवारी सांगू, असं ठरवलं. रविवारी पप्पा कुणाला तरी भिंतीवरचा पेपर दाखवत होते. पुढच्या रविवारी पाऊस होता की लग्न होतं, काही तरी होतं. त्यानंतर त्याने ठरवणं सोडलं. एव्हाना तो सकाळी दुकानावरून जाईनासा झाला होता. बसचा एक थांबा दुकानाच्या बरोबर समोर होता. तो मागच्या गल्लीने दहा मिनिटं चालत पुढच्या थांब्यावर जायचा. व्यायाम होतो, असं त्याने घरी सांगितलं होतं. खिडकीत बसलेल्या कुणाला दुकानाच्या फळीवर पाय दुमडून बसलेला माणूस, त्याची काळी बोटं, आणि त्याने आपल्याकडे बघून वर केलेला हात दिसू नये, एवढ्यासाठी दहा मिनिटं.

दुपारी आईचा फोन आला. नंदाबाई फोनवर नेहमी मोठ्याने बोलायची. आज हळू बोलत होती. बसमालकाचा माणूस सकाळी जळकी केबल दुकानाच्या फळीवर टाकून गेला होता. सगळ्या गाड्यांचं काम उद्या शनिवारी, गाड्या उभ्या असतात तेव्हा, पुन्हा करून द्या, आणि मग यापुढे तुमचं काम नको, असं चार लोकांत सांगून गेला. पप्पा भांडले नाहीत. त्याचंच तिला नवल वाटत होतं. जेवायला आले नाहीत, डबा पाठवला तर तो तसाच परत आला. म्हणतात, उद्याचं काम करून दुकान बंद करतो. हात गेला म्हणतात. “तू बोल त्यांच्याशी,” ती म्हणाली, “तुझं ऐकतात.” तुझं ऐकतात. फोन ठेवल्यावरही ते दोन शब्द त्या बंद खोलीत हलत राहिले. त्याने थेंब उचलून नखाने दाबून पाहिला. खूण उमटली. इतकं मऊ.

संध्याकाळी तो पुढच्या थांब्यावर उतरला, सवयीने, आणि मग मागे चालत आला. दुकानात दिवा लागला होता. पप्पा चष्म्यावर भिंग धरून लगच्या आत बघत होते. मान वर न करताच ते, ये म्हणाले. समोर फळीवर त्यांनी पाच-सहा लग दाबून ठेवले होते, केबलच्या टाकाऊ तुकड्यांवर, एकाशेजारी एक, आणि प्रत्येकावर खडूने आकडे घातले होते. किती वेळा दांडा मारला त्याचे. ते स्वतःच्या हाताची परीक्षा घेत होते. सावकाश, स्वतःशीच बोलल्यासारखं ते सांगत राहिले, की दांडा शेवटपर्यंत जात नसणार. ‘टक्’ ऐकू येतं पण ते खरं टक् नसेल, कानही आता तसे राहिले नाहीत. खांदा दुखतो तेव्हा माणूस नकळत अंगचोरी करतो. उद्या मात्र सगळं पेपरप्रमाणे करायचं. राळ जास्त, सोल्डर आतपर्यंत, आणि दांड्यावर दोन्ही हात. आणि त्यांनी भिंतीकडे हात केला.

धम्मदीपला आपलंच अक्षर दिसलं. ‘सोल्डर’मधला ‘ल्ड’ त्याने तेव्हा किती जपून काढला होता. आता बोललं नाही तर उद्या हीच चूक पुन्हा, जास्त काळजीने, जास्त सोल्डर घालून, गाडीगाडीत बसवली जाणार होती, आणि तीही हात गेलेल्या माणसाची म्हणूनच मोजली जाणार होती.

“पप्पा, सोल्डर नको आधी. दाबायचं असेल तर कोरंच तांबं पाहिजे. सोल्डर दाबाखाली सरकतं. तुमचा हात ठीक आहे.”

पप्पांनी भिंग खाली ठेवलं. “पुस्तकात तर...”

“पुस्तकात नव्हतं.”

बाहेर रिक्षा वळत होती. तिचा उजेड भिंतीवरच्या पेपरवरून सरकला. पप्पा त्या पेपरकडे बघत नव्हते. ते त्याच्या हातांकडे बघत होते, जणू त्या हातांत अजून ते पुस्तक असावं. “पान दाखवलं होतंस,” ते म्हणाले. धम्मदीपने सांगितलं की ते पान दुसऱ्या गोष्टीचं होतं. दीड वर्षापूर्वी खरं पान वाचलं, हेही सांगितलं. ते वाक्य तोंडातून निघताना इतकं लहान झालं की पप्पांना ते परत विचारावं लागलं आणि त्याला ते परत म्हणावं लागलं. त्याला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडा खायला त्याने पाठ तयार करून ठेवली होती. पप्पांनी एक लग उचलला, त्यावरचा खडूचा आकडा अंगठ्याने पुसला, मग दुसऱ्यावरचा. सगळे पुसून झाल्यावर म्हणाले, “म्हणजे हात गेलेला नाही.” आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते सुटकेचं होतं, निव्वळ सुटकेचं, त्यात धम्मदीपविषयी काहीच नव्हतं, रागसुद्धा नाही. त्याला तिथे उभं राहवेना. सकाळी आपण त्या बसमध्ये होतो हे सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे त्याने ठेवलं.

शनिवारी पहाटेच ते कात्रजच्या पुढच्या मोकळ्या मैदानावर गेले. बसेस ओळीने उभ्या होत्या, काचांवर दव होतं आणि डेअरीकडून दुधाच्या टँकरांचे आवाज येत होते. पप्पांनी रात्री पेपर भिंतीवरून काढला होता. फाडला नव्हता, घडी घालून खणात ठेवताना धम्मदीपने पाहिलं होतं. काम चालू झालं. जुनं टोक, जिथपर्यंत सोल्डर चढलं होतं तिथपर्यंत, करवतीने छाटायचं. तार नव्याने सोलायची. तांबं कोरं, गुलाबी दिसलं पाहिजे. लग घालून दाबायचं. पप्पा दांडा मारायचे, धम्मदीप केबल धरायचा. टक्. प्रत्येक सांध्यानंतर पप्पा लग बुटाखाली दाबायचे आणि केबल दोन्ही हातांनी वर ओढायचे, पाठीचा कणा ताणेपर्यंत. एकही निघाला नाही. त्यांच्या हातांत जोर होता. तो जोर रोज त्या दुकानात होता, आणि काल दिवसभर त्या माणसाने तो गेला असं मानलं होतं.

तिसऱ्या गाडीपाशी वैजनाथ आला. चहाचा ग्लास हातात, डोक्याला टॉवेल. पप्पांना म्हणाला, “काय मामा, आज पोरगं धरून आनलं व्हय कामाला?” पप्पांनी धम्मदीपकडे पाहिलं नाही. दांडा मारता मारता अगदी सहज म्हणाले, “हां. ओळखीतला आहे. शिकतोय.”

धम्मदीपने दांड्यावरून नजर काढून पप्पांकडे पाहिलं. पप्पा त्याला वाचवत होते. त्याच्या इस्त्रीच्या पँटीला, त्याच्या गळ्यात रोज असणाऱ्या ओळखपत्राला, दुकानामागच्या त्या गल्लीला ते इतक्या सरावाने वाचवत होते की त्यांनी हे आधीही कधी तरी, कुणापुढे तरी केलं असणार.

“मी त्यांचा मुलगा,” तो म्हणाला. “धम्मदीप. सोल्डर चढवायला मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे, त्यांच्या हाताची नाही. मालकांना मी स्वतः सांगतो.”

वैजनाथने चहाचा घोट घेतला, घेता घेता त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि ग्लास बसच्या टायरवर ठेवला. “तुमी तर काल गाडीत व्हता की,” तो म्हणाला. “तिथंच व्हता, माज्या शेजारी. त्यो कोट्याचं बोलला तवा तुमी बी हसलाव.”

टँकर गेला. दुसरा गेला. वैजनाथच्या आवाजात खोच नव्हती. त्याला खरोखरच कोडं पडलं होतं. मग तो मालकाला फोन लावून ठेवतो म्हणत गाड्यांच्या मधून निघून गेला.

दाबलेला सांधा पप्पांच्या हातात होता. लाल आवरण चढवायचं राहिलं होतं, त्याआधी टेप. त्यांनी खिशातून निळी गुंडाळी काढली, नखाने टोक शोधलं, आणि ते टोक तसंच अंगठ्याखाली धरून थांबले. सोल्डर थंड होईपर्यंत थांबायचे तसे. मग त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज गिऱ्हाइकाला विचारतात तसा होता, अदबीचा, “या गाडीला पट्टी लावू, का नको?”

धम्मदीपने गुंडाळी त्यांच्या हातातून घेतली. घेतल्यावर कळलं की आपण कधी पट्टी लावलेली नाही. इतकी वर्षं लग धरला, केबल धरली, कृती लिहून दिली, पण पट्टी नेहमी पप्पांनीच लावली. पहिला वेढा तिरका गेला. त्याने तो उकलला आणि परत घेतला. बोटांना दवाचा ओलावा होता, टेप चिकटेना.

“ओढून घे,” पप्पा म्हणाले. “सैल राहिली तर आत पाणी जातं.”

त्याने ओढून घेतली. दुसरा वेढा. पप्पा पुढच्या बसच्या झाकणाचे स्क्रू काढायला लागले होते, त्यांची पाठ त्याच्याकडे होती. “सोमवारी याच गाडीने जाणार?” त्यांनी तसंच, पाठमोऱ्यानेच विचारलं.

“हो.”

एक स्क्रू त्यांनी काढून ओठांत धरला, दुसरा काढला. मग ओठातला काढून हातात घेतला.

“कुठल्या थांब्यावरून?”

धम्मदीपने तिसरा वेढा अर्धा घेतला होता, तो पुरा केला. टेप तोडायला दात लावायचे असतात. त्याने ती दातांत धरली, आणि तोंड मोकळं नाही याचा त्याला क्षणभर आधार वाटला. मग त्याने ती तोडली.